निवेदक क्रमांक चौदा

कलिनाच्या गेटासमोर, झेरॉक्सवाल्याच्या पोटमाळ्यावर
सव्वीस वर्षं मी लोकांचे प्रबंध टाइप करते.
पानाला अठरा रुपये. तळटिपा असतील तर वीस,
कारण तळटीप म्हणजे पानाच्या पायातला काटा,
वर एक शब्द हलला
की खाली सगळं लंगडतं.

माझं शिक्षण एस.वाय.पर्यंत.
पण ‘तथापि’ कुठे येणार ते मला आधी कळतं:
परिच्छेद मान डोलावत येतो, डोलावत येतो,
आणि दाराशी पोचला की चपला उलट्या फिरवतो.
‘किंबहुना’ लिहिणाऱ्याला पानं भरायची असतात.
‘असे म्हणता येईल’, म्हणजे म्हणायची हिंमत नाही.

एकदा ‘गृहीतक’च्या जागी मी ‘गृहीत’ छापलं.
गाइडबाईंनी लाल पेनानं क जोडून दिला.
म्हणाल्या, गृहीत धरायचं असतं,
गृहीतक तपासायचं.
तो क मी घरी नेला.
तिथे कशाकशाला लावून पाहिला
ते या कवितेच्या कक्षेबाहेरचं आहे.

मग मृणाल इंदुलकर आली, चारशे बारा पानं घेऊन.
विषय: मुंबईतील कामकरी स्त्रियांच्या उखाण्यांतील उपरोध.
प्रकरण चौथं, पान दोनशे सहा.
निवेदक क्रमांक चौदा, वय एकोणऐंशी, नायगाव:

‘ट्रामच्या तारेला ठिणगी, ठिणगीला नाही धूर...’

येथे निवेदक थांबते. पतीचे नाव घेत नाही.
हे मौन म्हणजे नकाराची संहिता होय.

माझी बोटं थांबली.
नायगाव. ट्राम. ठिणगी.
ही तर आमची सुंदराआत्या!
आणि मौन कसलं? नळाला पाणी आलं होतं.
मी आत होते, कोथिंबीर निवडत.
ती बादली लावायला उठली, एवढंच.

मृणालला फोन केला. ती वैतागली नाही.
‘पुरावा?’ म्हणाली,
साखर किती, विचारावं तसं.
‘मी होते तिथे.’
‘तुमच्याकडे पाणी किती वाजता येतं?’
‘साडेचारला. एक मिनिट इकडेतिकडे नाही.’
‘परिशिष्ट तीन बघता?’

परिशिष्ट तीन मीच टाइप केलेलं, सोमवारी:
मुलाखतीची वेळ, दुपारी दोन वाजून दहा.

माझ्याच हातानं माझा प्रतिवाद.

संध्याकाळी ती रेकॉर्डिंग घेऊन आली.
जिन्यात बसलो, एकेक इअरफोन वाटून.
धूर... म्हणून आत्या थांबते.
सतरा सेकंद.
कुणाचा तरी कुकर. एक कावळा. खालून भंगारवाला.
पाणी नाही.
मग आत्याचा आवाज, जरा मोठा:
‘चहा टाकते गं, घेशील ना?’

सतरा सेकंद आम्ही सहादा ऐकले.
तिला नकार ऐकू येत होता, मला विसर.
आत्याचे यजमान ‘गेले’, असंच घरात म्हणत.
वारले की निघून गेले, मी कधी विचारलं नाही.
संदिग्धता हा शब्द मी हजार वेळा तरी छापला असेन,
आमच्याच घरात तो
क्रियापद होऊन राहत होता, हे तेव्हा दिसलं.

आता आत्या नाही. मूळ साधन उपलब्ध नाही.
उरलेली मी, दुय्यम,
जिच्या कानात अजून
दोन वाजून दहाला नळ वाजतो.

मृणालनं ‘होय’ खोडून ‘असावे’ केलं.
खाली एक तळटीप घातली, सत्त्याऐंशीवी:
या मौनाचा अन्वयार्थ निश्चित करता येत नाही.
घरातील एका व्यक्तीस या वेळी पाणी आल्याचे स्मरते.
नाव घालू का, तिनं विचारलं.
मी थांबले.
किती सेकंद, ते मोजायला कुणी नव्हतं.

पान नव्यानं लावावं लागलं, पुढची अकरा सरकली.
वीसच्या दरानं बिल केलं.